‘पार्सल उचला, पैसे घ्या’: अमेरिकेतल्या फेडरल खटल्यातून किती जण सुटतात?

अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारा मेसेज साधाच असतो. वीकेंडचं काम, स्वतःची गाडी हवी, फेरीमागे रोख पैसे, कागदपत्रांची कटकट नाही. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर असं काम करता येत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, म्हणून ‘कटकट नाही’ हे शब्द बरोबर काम करतात. दिलेल्या पत्त्यावर जायचं, दारातल्या आजींना परवलीचा शब्द सांगायचा, त्यांनी दिलेला खोका गाडीत ठेवायचा आणि दुसऱ्या गावातल्या एखाद्या पार्किंगमध्ये तिसऱ्याच माणसाच्या हवाली करायचा. खोक्यात टेपने गुंडाळलेल्या नोटा असतात, हल्ली सोनंही असतं. आजींना फोनवरून पटवलेलं असतं की त्यांचं बँक खातं हॅक झालंय आणि सरकारचा माणूस पैसे सुरक्षित ठेवायला घरी येतोय. जानेवारी २०२४ मध्ये एफबीआयने नेमक्या याच पद्धतीबद्दल जाहीर इशारा दिला होता. आजींच्या मुलीला किंवा बँकेतल्या कोणाला संशय आला, की पुढच्या खेपेला खोका द्यायला पोलीस उभे असतात.

इथे आजी तर फसतातच, पण खोका उचलणाराही फसवला गेलेला असतो, आणि त्याची फसवणूक दोनदा होते. पहिली काम देताना. दुसरी, जास्त महागडी, पकडला गेल्यावर: ‘तू फक्त पार्सल उचललंस, तुला काय होणार? पहिलाच गुन्हा आहे, सोडून देतील.’ हे सांगणारा सहसा दुसऱ्या देशात बसलेला असतो.

आता आकडे. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, न्यायालयांच्या नोंदींवरून प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२२ या आर्थिक वर्षाचा हिशोब मांडला. त्या वर्षी ७१,९५४ आरोपींच्या फौजदारी केसेस निकाली निघाल्या. त्यांतल्या ८९.५ टक्के लोकांनी गुन्हा कबूल केला. ८.२ टक्के लोकांवरचे आरोप मागे घेतले गेले किंवा रद्द झाले. खटला लढून दोषी ठरले १,३७९ आणि खटला लढून निर्दोष सुटले २९०, म्हणजे एकूण आरोपींच्या ०.४ टक्के. यात ड्रग्जपासून इमिग्रेशनपर्यंत सगळे फेडरल गुन्हे आले, नुसती ऑनलाइन फसवणूक नाही.

‘९९.६ टक्के शिक्षा’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते या आकड्यांचं चुकीचं वाचन आहे. आरोप रद्द झालेले ८ टक्के त्यात विसरले जातात. शिवाय खटला प्रत्यक्ष लढवणाऱ्या १,६६९ जणांपैकी २९० सुटले, म्हणजे साधारण सहातला एक. पण म्हणून खटला लढवणं हा सहातल्या एकाचा जुगार आहे असंही समजू नका. खटल्यापर्यंत जाणारे बहुधा तेच असतात ज्यांच्या बाजूने काहीतरी ठोस आहे. ज्याच्या फोनमध्ये पत्ते, खोक्यांचे फोटो आणि ‘नोटा मोजल्या का’ असे मेसेज आहेत, त्याला तो आकडा लागू पडत नाही.

कबुलीचं प्रमाण इतकं जास्त का, याचं उत्तर आरोपपत्राच्या आधी सापडतं. फेडरल सरकारी वकील कोणती केस घ्यायची ते स्वतः ठरवतात आणि कच्च्या केसेस हातात घेत नाहीत. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे २०२४ मध्ये ८,५९,५३२ तक्रारी आल्या, १६.६ अब्ज डॉलर बुडाल्याच्या. वर दिलेला सगळ्या प्रकारच्या फेडरल आरोपींचा आकडा त्याशेजारी ठेवून पाहा. बहुतेक तक्रारी फेडरल कोर्टाचं दार बघतच नाहीत. ज्या बघतात त्यांत बँकेचे उतारे, टॉवरच्या नोंदी, दुकानातलं कॅमेरा फुटेज आणि आधीच फुटलेला एखादा साथीदार, हे सगळं महिनोन् महिने गोळा झालेलं असतं. मग ग्रँड ज्युरी: आरोपपत्र ठेवायचं की नाही ते ठरवणारे १६ ते २३ नागरिक, त्यातल्या १२ जणांचा होकार पुरे. तिथे आरोपीचा वकील आतही जाऊ शकत नाही.

कलम बहुतेक वेळा वायर फ्रॉडचं, म्हणजे फोन, मेसेज किंवा इंटरनेट वापरून केलेल्या फसवणुकीचं लागतं, किंवा त्याच्या कटाचं. कमाल शिक्षा २० वर्षं, बँकेला झळ बसली असेल तर ३०. फसवणुकीचा बेत, महत्त्वाचं खोटं, फसवण्याचा हेतू आणि राज्याची सीमा ओलांडणारा फोन, मेसेज किंवा ट्रान्सफर, एवढं सिद्ध झालं की पुरे. पैसे प्रत्यक्ष बुडालेच पाहिजेत असंही नाही. खरी लढाई हेतूवर होते आणि ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव तिथे टिकवणं अवघड जातं, कारण मुद्दाम डोळेझाक करणं हे माहीत असण्यासारखंच धरलं जातं. खोट्या नावाचं ओळखपत्र वापरलं, दर खेपेला फोन बदलला, खोका उघडायचा नाही म्हणून सांगितलं तरी कधी विचारलं नाही, हे ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांसमोर, एकेक करून मांडलं जातं. दुसऱ्या खऱ्या माणसाची ओळख गुन्ह्याच्या गाभ्यातच वापरली असेल, तर दोन वर्षं वेगळी. तीही मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होतात आणि न्यायाधीशालाही कमी करता येत नाहीत.

शिक्षेचा हिशोब गुणांवर चालतो, गुण जितके जास्त तितकी शिक्षा जास्त; तो एकदा मांडून बघण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये लागू झालेलं नुकसानीचं कोष्टक धरलं तर वायर फ्रॉडची सुरुवात ७ पासून. टोळीने केलेलं नुकसान अडीच लाख डॉलरच्या वर (साडेपाच लाखांच्या आत) म्हणून अधिक १२. दहा किंवा जास्त बळी, अधिक २. कारस्थानाचा मोठा भाग परदेशातून चालला, अधिक २. बळी वयामुळे असहाय होते, अधिक २. झाले २५. भूमिका किरकोळ होती हे न्यायाधीशाला पटलं तर वजा २, म्हणजे २३. वेळेत कबुली दिली तर आणखी वजा ३, म्हणजे २०. आधीचा गुन्हा नसलेल्यासाठी २० म्हणजे ३३ ते ४१ महिने, आणि लढून हरलात तर २३ वर ४६ ते ५७. हे कोष्टक न्यायाधीशावर बंधनकारक नाही, पण सुरुवात तिथूनच होते. आणि नीट बघा, नुकसान मोजताना तुमच्या हातात पडलेले काहीशे डॉलर मोजले जात नाहीत. ज्या कामात तुम्ही सामील होतात आणि ज्याचा अंदाज तुम्हाला यायला हवा होता, ती रक्कम मोजली जाते. भरपाईही सगळ्या बुडालेल्या रकमेची मागितली जाऊ शकते. फेडरल तुरुंगात १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल नाही. चांगल्या वर्तनाचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सुटतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत तुरुंगापेक्षा मोठा फटका पुढे असतो. बळींचं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असलेला फसवणुकीचा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात ‘गंभीर गुन्हा’ ठरतो. ग्रीन कार्ड असलेलासुद्धा हद्दपार होऊ शकतो, परतीची वाट जवळजवळ बंद होते. कबुलीचा असा परिणाम होणार असेल तर तो आधी सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं. कबुलीजबाबात नुकसानीचा आकडा काय लिहिला जातो यावर पुढचं आयुष्य ठरतं, म्हणून सहीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाने तो कागद वाचलाच पाहिजे.

‘भारतात बसलेल्यांना कोण हात लावतो’ हाही एक गैरसमज. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी अमेरिकेतल्या लोकांना फोनवरून फसवणाऱ्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. त्याच महिन्यात ह्यूस्टनमध्ये अशाच कॉल सेंटरांच्या जाळ्याबद्दल ५६ व्यक्ती आणि पाच कॉल सेंटरांवरचं आरोपपत्र जाहीर झालं. अमेरिकेतल्या २४ जणांना शिक्षा झाल्या, कोणाला २० वर्षांपर्यंत, आणि त्यात पैसे उचलणारे ‘रनर’ होते. अहमदाबादची कॉल सेंटरं चालवणारा एक जण सिंगापूरला उतरला, तिथून अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि २०२० मध्ये २० वर्षांसाठी आत गेला.

जो आधीच अडकला आहे त्याच्याकडे करण्यासारखं बरंच असतं, पण ते आरोपपत्राच्या आधी. पुढची फेरी नाही. खात्यात आलेले पैसे ‘साहेबा’ला परत पाठवायचे नाहीत, तोही नवा व्यवहार धरला जाईल. चॅट पुसायचे नाहीत; तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट करण्याच्या कलमाची कमाल शिक्षा पुन्हा २० वर्षंच आहे. एजंट दारात आले तर नाव सांगायचं, कार्ड मागून घ्यायचं आणि ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ एवढंच म्हणायचं. अटक नसेल तर हक्क वाचून दाखवण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा, पाच वर्षांपर्यंतचा. गैरसमज दूर करावा म्हणून एकट्याने गप्पा मारायला बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सहकार्य करायचं असेल तर ते वकिलामार्फत, लेखी अटी ठरवून. पैसे नसतील तर न्यायालय सरकारी खर्चाने वकील देतं. ‘फेडरल पब्लिक डिफेंडर’ ऐकून घरचे नाक मुरडतात, पण ही माणसं दिवसभर फक्त फेडरल केसेस लढतात आणि नवख्या खासगी वकिलापेक्षा कितीतरी जाणकार असतात.

एवढ्यावरही भागत नाही. मुलगा आत गेला की पुण्या-नाशिकच्या घरी फोन सुरू होतात: ‘आमची वर ओळख आहे, सेटिंग करून केस मागे घ्यायला लावतो.’ फेडरल केस मागे घेण्याची कुठलीही फी नसते. सुटका झाली तरच पैसे, अशा बोलीवर फौजदारी केस घ्यायला अमेरिकेतल्या वकिलांच्या नियमांत मनाई आहे, म्हणजे तशी ऑफर देणारा एकतर वकील नाही किंवा नियम मोडतोय. वकिलाचं नाव त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, संकेतस्थळावर तपासता येतं. केसचा क्रमांक मागा आणि ‘पेसर’ या न्यायालयीन प्रणालीवर बघा, पानाला दहा सेंट पडतात. आरोपपत्र सीलबंद असेल तर तिथे काही दिसणार नाही, पण मुलाला कोर्टात उभं केल्यावर ते बहुधा खुलं झालेलं असतं, आणि त्यात वकील म्हणून कोणाचं नाव लागलंय तेही दिसतं.