घरचा डबा, सुटे वाणसामान: कोथरूडमधील एका दुकानाचा अनुभव

पुण्यात कोथरूडमध्ये सुट्या वाणसामानाचे एक छोटे दुकान आहे. गेले चार महिने मी तिथूनच किराणा आणते आहे. घरून डबे न्यायचे, रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि हवी तेवढी डाळ किंवा पोहे भरून घ्यायचे, अशी साधी पद्धत आहे. माल स्वच्छ असतो. भाव थोडे चढे आहेत, पण ते मला मान्य आहेत.

या दुकानाचे मोल मला द्रव साबणाच्या पिंपापाशी कळले. घरचीच काचेची बाटली तोटीखाली धरली की साबणाची संथ धार पडते आणि घरात एकही नवे झाकण येत नाही. झाकणाचे नाव मुद्दाम घेते आहे. पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांवर लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिलांच्या पोटात बाटल्यांची झाकणे आणि लायटरसुद्धा सापडतात, कारण आईबाप समुद्राच्या पृष्ठभागावरून जे टिपून आणतात तेच पिलांना भरवतात. समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढले की त्याला डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त संयुगाचा वास येऊ लागतो आणि पेट्रेलसारखे पक्षी तर याच वासाच्या मागाने भक्ष्य शोधतात, हे २०१६ मधील संशोधनात दिसून आले. पुण्याला समुद्र नाही म्हणून आपली सुटका होत नाही. मुठा नदीत पडलेले झाकण भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र खटकते. डबा विसरलेल्या गिऱ्हाइकाला इथे ‘विघटनशील’ म्हणून पातळ पिशवी दिली जाते. अशा बहुतेक पिशव्या खतप्रकल्पातील नियंत्रित उष्णतेत कुजतात. थंड खाऱ्या पाण्यात त्या दीर्घकाळ तशाच राहू शकतात. मी मालकीणबाईंशी याविषयी बोलले. ‘‘ताई, रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला परत कसं पाठवू?’’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांची अडचण मला पटली. पुढच्या खेपेस मी घरातल्या सहा जुन्या बरण्या धुऊन त्यांच्याकडे ठेवल्या. गेल्या शनिवारी गेले तेव्हा गल्ल्याशेजारच्या टोपलीत त्यांतल्या दोनच उरल्या होत्या.