‘लाइफटाइम’ लायसन्स साडेतीन वर्षांत संपलं

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. घरातसुद्धा ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ एवढंच बोललो. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने तसलीच ऑफर घेऊ का म्हणून विचारलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितोय.

आधी आकडे. मार्च २०२१ मध्ये व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, लाइफटाइम लायसन्स, १९९ डॉलर. पुढे इफेक्टचे तीन पॅक घेतले, प्रत्येकी ३९, म्हणजे ११७. सप्टेंबर २०२४ मध्ये सगळं बंद. मग स्वतःचेच प्रोजेक्ट बाहेर काढायला दोन महिने सबस्क्रिप्शन भरलं, महिन्याला २२.९९ प्रमाणे ४५.९८. एकूण ३६१.९८ डॉलर गेले आणि आज हातात काही नाही.

हा डाव कसा चालतो ते तुम्हाला माहीत असेलच. कंपनी विकली जाते, नवा मालक येतो, जुन्या लायसन्सला ‘क्लासिक’ असं गोंडस नाव मिळतं, आणि काही महिन्यांत क्लासिकचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर, म्हणजे लायसन्स खरं आहे का ते तपासणारा कंपनीचा कॉम्प्युटर, बंद होतो. मलाही हे ऐकून माहीत होतं. तरी फसलो, याचाच जास्त संताप येतो.

खरं तर २०२२ मध्येच कळायला हवं होतं. दोन दिवस इंटरनेट बंद होतं आणि सॉफ्टवेअर उघडेना. ‘लायसन्स तपासता आले नाही.’ माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या डिस्कवर, माझ्या पैशांनी घेतलेली वस्तू, आणि ती उघडायला विकणाऱ्याची परवानगी लागत होती! चिडलो, दोन दिवसांनी नेट आलं, कामाला लागलो, विसरून गेलो. त्या दिवशी थांबून विचार केला असता तर ते ११७ डॉलर तरी वाचले असते. तिन्ही पॅक मी त्यानंतर घेतलेत.

दुसरी खूण तर समोर नाचत होती. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘द क्रू’ या २०१४ च्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. एकट्याने गाडी चालवायलासुद्धा सर्व्हर लागायचा, त्यामुळे पैसे मोजलेल्यांचा अख्खा गेम गेला. मी ती बातमी वाचली आणि हे गेमवाल्यांचं दुखणं आहे म्हणून पुढे गेलो.

त्यानंतर जुलैमध्ये ती चौकट आली. आजही डोळ्यांसमोर आहे. मधोमध राखाडी चौकट, त्यात दोनच बटणं: ‘आत्ता अपडेट करा’ आणि ‘आज रात्री अपडेट करा’. ‘नको’ कुठेच नाही. कोपऱ्यातली फुली दाबली जात नव्हती. खाली बारीक अक्षरात एक ओळ: पुढे गेल्यास सुधारित अटी मान्य आहेत असे समजले जाईल. ती ओळ मी वाचली. वाचून रात्रीचं बटण दाबलं, कारण सकाळी एक काम द्यायचं होतं आणि चौकट हटल्याशिवाय एडिटिंगच्या टाइमलाइनला हात लावता येत नव्हता. सकाळी प्रोजेक्ट उघडला तो नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह झाला. जुन्या व्हर्जनमध्ये परत जायचा रस्ता तिथेच संपला.

‘अटी वाचायच्या होत्या’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: वाचल्या, पण नकार द्यायचा कुठे? मी क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडून फुकट केलेलं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस नाही. पूर्ण पैसे मोजले, पावत्या जपल्या.

पावत्यांचा उपयोग शून्य. कंपनीच्या सपोर्टने माझं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, चार वेळा ‘समस्या सुटली’ म्हणून बंद केलं. उत्तर दर वेळी तेच, शब्दही तेच, शेवटी सबस्क्रिप्शनवर सवलतीची लिंक. बँकेत गेलो तर म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, शिवाय तक्रारीची मुदत कधीच उलटली. अरे, वस्तू साडेतीन वर्षांनी काढून घेतली तर तक्रार आधी कशी करणार? सायबर तक्रार घेणाऱ्यांनी विचारलं, पासवर्ड चोरीला गेला का? नाही. परस्पर पैसे गेले का? नाही. मग फसवणूक कसली, म्हणे. ग्राहक तक्रार विभागाने कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली आहे सांगून हात झटकले. सहा महिने या दारातून त्या दारात. प्रत्येक ठिकाणी तीच कागदपत्रं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर तोच भाव, की एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस कशाला आलाय.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: डिजिटल वस्तू विकत घेतल्यावर फक्त लायसन्सच, म्हणजे वापरायची परवानगीच, मिळणार असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगायचं. कायमचं डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. युरोपात गेम असे मारून टाकू नयेत म्हणून १० लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. म्हणजे हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. पण माझी ३१६ डॉलरची खरेदी त्या कायद्याच्या आधीची.

तुम्ही काही घेतलंत तर पहिल्याच दिवशी वाय-फाय बंद करून ते उघडून बघा. परताव्याची मुदत असेपर्यंतच बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ती १४ दिवसांची आहे आणि खेळ २ तासांपेक्षा कमी झालेला असावा लागतो. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. माझ्या पानावरचा ‘लाइफटाइम’ शब्द नंतर गुपचूप काढून टाकला गेला आणि माझ्याकडे पुरावा उरला नाही. गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि रागाच्या भरात बँकेकडून पैसे परत ओढू नका, ज्या खात्यात तुमचे सगळे गेम आहेत तेच खातं लॉक होऊ शकतं.

मी आता केडेनलाइव्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. फुकट आहे, आणि नेट नसतानाही उघडतं. जुन्या ४१ प्रोजेक्टपैकी ३४ त्या दोन महिन्यांत रेंडर करून, म्हणजे तयार व्हिडिओ बनवून, बाहेर काढले. सात अजून अडकलेत. काल पाचवं तिकीट टाकलं. पैसे मागितले नाहीत, फक्त जुनं व्हर्जन पुन्हा चालू करून द्या एवढंच लिहिलं.