खारवट विहिरीवरचा गहू आणि ०:०:५०

मिरज तालुक्यात कृष्णाकाठी असलेल्या आमच्या २० गुंठे काळ्या रानाला रब्बीत विहिरीच्या मचूळ पाण्यावरच भागवावे लागते. तपासणीत या पाण्याची विद्युत वाहकता (पाण्यात क्षार किती ते दाखवणारे माप) ३.२ डेसीसायमन प्रति मीटर निघाली. पाटाच्या काठावर पांढरी खार फुटते, आणि गेल्या वर्षी गव्हाची पाने शेंड्याकडून करपत गेली होती. म्हणून या हंगामात सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०:०:५०, या खताची २५ किलोची पिशवी आणली.

दुकानात आधी स्वस्त म्हणून लाल पोटॅश (म्युरेट ऑफ पोटॅश) दाखवण्यात आले. परंतु त्यात सुमारे ४७ टक्के क्लोराइड असते, आणि पाण्यातून क्षार येतच असताना त्यात खताने भर घालणे मला पटले नाही. ०:०:५० मध्ये क्लोराइड नगण्य असून ५० टक्के पालाश (म्हणजेच पोटॅश) आणि सुमारे १७.५ टक्के गंधक मिळते. काळ्या रानात पालाश भरपूर असतो हे खरे आहे, पण खारवट पाण्यातला सोडियम मुळांच्या तोंडाशी त्याची वाट अडवतो, आणि पानांवरील रंध्रांची उघडझाप व दाण्याची भरण ज्या पालाशावर अवलंबून असते तोच पिकाला कमी पडतो.

शिफारशीतील हेक्टरी ४० किलो पालाशाच्या हिशेबाने १६ किलो खत पेरणीवेळी मातीत दिले. पुढे गहू पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी) असताना आणि नंतर दाणा चिकात (दुधाळ) असताना १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम या प्रमाणात दोन फवारण्या केल्या. फवारणीसाठी विहिरीचे पाणी न घेता नळाचे घेतले. पिशवीतले खत मात्र गोळे झालेले निघाले. ते रात्रभर बादलीत भिजवून, ढवळून आणि फडक्यातून गाळून घ्यावे लागले. या दराच्या मालाला हे शोभत नाही.

तुलनेसाठी दोन सारे (वाफे) पोटॅशविना ठेवले होते. चिकाच्या वेळी त्यांतली वरची पाने निम्म्याहून अधिक पिवळी पडली, तर शेजारच्या साऱ्यांत करपा शेंड्याच्या बोटभर भागापुरताच राहिला. दोन्हीकडचा गहू वेगळा मळून एकाच मापाने भरला, तेव्हा पोटॅशचे माप तळहातावर सहज जाणवेल इतके जड होते आणि त्यात सुरकुतलेले दाणे फारच थोडे दिसले. पिशवीचे पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन.

मात्र हे खत मातीतले मीठ काढत नाही. उताराकडच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचते, तिथे तेवढीच मात्रा देऊनही गहू वीतभर उंचीवरच वाळला. तिथे पुढच्या वर्षी आधी चर काढून निचरा करून घेणार आहे. पोटॅशची पिशवी त्यानंतर.