साताऱ्यातलं मोठं अनुदानित हायस्कूल : पालक म्हणून अनुभव

मुलगी पाचवीपासून साताऱ्यातल्या एका मोठ्या अनुदानित हायस्कूलला आहे, आता नववीत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या काही एकट्या त्याच शाळेच्या नाहीत.

अनुदानित म्हणजे शाळा चालवणार संस्था आणि शिक्षकांचा पगार देणार सरकार. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, तो तिकडच्या चार्टर स्कूलचं लय कौतुक सांगतो, पैसा सरकारचा, कारभार वेगळ्या मंडळाचा, फी नाही. तिकडं पहिला कायदा मिनेसोटात १९९१ ला झाला. मी त्याला म्हटलं, अरे भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली १९१९ ला, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहणार एकत्र जेवणार, आणि पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. त्याच जिल्ह्यात राहून लोक अनुदानित शाळेला नाइलाजाची शाळा म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता शाळेबद्दल. मोठी शाळा असण्याचा फायदा आत गेल्याशिवाय कळत नाही. मोठं ग्राउंड आहे, स्वतंत्र चित्रकलेचे सर आहेत, एनसीसी आहे, प्रयोगशाळेत पोरं स्वतः हात लावून प्रयोग करतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट या सरकारी परीक्षेला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क वाढतात, हे सरांनीच सगळ्या पालकांना बोलावून समजावलं. आणि मेढा, परळी, कोरेगाव सगळीकडनं एसटीने मुली येतात, त्यांना पास फुकट आहे, त्यातल्या काही इतक्या हुशार आहेत की आमची घरी बसून अभ्यास करायला लागली ती त्यांच्यामुळंच.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आठवीत एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते, त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळेतल्याच मुलांना देता येते, खाजगी विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांना नाही. आमच्या शाळेत आठवीला यासाठी जादा तास घेतात, शाळा भरायच्या आधी, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. हे तास घेणाऱ्या बाईंना मनापासून धन्यवाद.

तक्रारी. वर्गात साठच्या वर मुलं, मागच्या बाकावरच्याकडं कुणाचं लक्ष जाणार? गणिताची जागा रिकामी होती तेव्हा तासिकेवरचे (तासाप्रमाणे पैसे घेणारे) सर आले, ते चांगले शिकवायचे पण मध्येच सोडून गेले आणि भूमितीचे दोन धडे तसेच राहिले. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक हे सरकार ठरवतं ती), पवित्र पोर्टल (सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट), यात भरती अडकते हे मान्य आहे, पण संस्थेने तेवढ्यापुरता तरी माणूस उभा करायला पाहिजे होता. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं, हे तर ताबडतोब सुधारा, पालक सभेत मी बोललोय आणि परत बोलणार आहे.

तरी कुणी विचारलं तर मी हीच शाळा सांगतो. सेमी इंग्लिशच्या तुकडीत घालायचं असेल तर निकाल लागल्या लागल्या दाखला घेऊन जा, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थांबलात तर जागा राहत नाही. आणि जाल तेव्हा ऑफिसात न बसता आधी प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह दोन्ही बघून घ्या.