ढाब्यावरचा जुना गॅस ग्रिल: एक दुरुस्त करून वापरला, बाकीचे विकले पण, पावसाळा ते उन्हाळा अनुभव

जळगावला मी जुन्या गॅस ग्रिलचं काम करतो. भुसावळ रोडला, धुळ्याकडे एखादा ढाबा मालकाने सोडला की किचनचा माल वजनावर निघतो, त्यातले ग्रिल नि भट्ट्या मी उचलतो, खोलतो, नीट करतो आणि विकतो. त्यातला एक तीन बर्नरचा ग्रिल मुद्दाम विकला नाही. गेल्या पावसाळ्यापासून घरी, शेतात, घरच्या हळदीला असा सगळीकडे चालवला, कारण गिऱ्हाईकाला हा टिकेल असं सांगायचं तर आधी आपल्याला माहीत पाहिजे ना.

बॉडी १६ गेज स्टीलची आहे, म्हणजे पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास, जाळी आणि बर्नर बिडाचे. तेवढ्याच पैशात नवीन जो मिळतो त्याचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो, माझा इतक्या महिन्यांत कुठे वाकला नाही की जाळी तिरपी झाली नाही. पण स्टील ओळखताना सांभाळा. भंगारवाला लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही, ३०४ आहे, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस. अहो २०२ या हलक्या प्रतीला पण चिकटत नाही! २०२ मध्ये निकेल कमी असतं आणि मीठ-लिंबू लावलेला माल रोज त्यावर भाजला की तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही. मी चुंबकाच्या नादी लागत नाही, ड्रिप ट्रेची (तेल-रस गळतो त्या तबकाची) खालची बाजू आणि वेल्डिंगचे सांधे बघतो, गंज आधी तिथेच बसतो.

साफसफाईला सगळ्यात जास्त वेळ जातो. ढाब्याच्या ग्रिलवर वर्षानुवर्षांचा चिकटा असतो, खरवडून निघत नाही, थंड पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून बीड आणि स्टीलचे पार्ट त्यात भिजत ठेवायचे, हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं काहीही त्यात जाऊ द्यायचं नाही, नॉब असो की बर्नरची टोपी असो, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. मग धुवून, वाळवून बिडाच्या जाळीला जवसाच्या तेलाचा एकदम पातळ हात आणि कडक ताप, असं दोन-तीन वेळा केलं की काळा थर बसतो. पावसाळ्यात बिडाला गंज चढतोच, वापरून झालं की गरम असतानाच तेलाचं फडकं फिरवायचं. आणि तारेच्या ब्रशने जाळी घासली तर नंतर ओल्या कपड्याने पुसाच, तुटलेली तार जाळीला चिकटून राहते आणि तिथून खाण्यात जाते.

आता खरं काम, जिथून गॅस जातो ते. माझं मत आधीच सांगतो, जुन्या ग्रिलमध्ये पैसे चमकवण्यावर घालवू नका, कॉक, जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड), पाईप, रेग्युलेटर यांच्यावर घाला. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच ग्रिलमध्ये बर्नर चांगला, पण ज्योत पिवळी, भांडी काळी करणारी. बर्नरच्या मागच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे गॅस आणि हवा मिसळते त्या नळीत बघावं तर कुंभारमाशीने मातीचं घर करून ठेवलेलं, नाहीतर कोळ्याचं जाळं. हवा आत येत नाही मग ज्योत पिवळी होणारच, कधीकधी तर आग उलटी जेटकडे येते, हे फार धोक्याचं आहे. ट्यूब साफ केली, हवेची चकती थोडी उघडली की निळी ज्योत येते. पण काही जण काय करतात, ज्योत कमी वाटली की जेटचं भोक सुईने नाहीतर ड्रिलने मोठं करतात. कृपा करून हे करू नका. भोकाचा व्यास १० टक्के वाढला तर तेवढ्याच प्रेशरला गॅस २१ टक्के जास्त जातो, हवा मात्र तेवढीच. जेट स्वस्त असतो, नवीन बसवा.

एका पाहुण्याने परदेशातून सामानाबरोबर ग्रिल आणला होता, तो तिकडे पाईपच्या नैसर्गिक गॅसवर चालायचा. दिसायला सुंदर, पण त्याचे जेट मोठ्या भोकाचे असतात कारण त्या गॅसमध्ये आपल्या एलपीजीपेक्षा उष्णता बरीच कमी. तसाच आपल्या टाकीला जोडला असता तर ज्योत हातभर आली असती. जेट बदलले, जोडणी बदलली, मगच पेटवला. कुणाकडे असा ग्रिल असेल तर प्लेटवर कोणता गॅस लिहिलाय ते आधी वाचा.

पाईप मी जुना कधीच ठेवत नाही, चांगला दिसला तरी नाही. आतून तारेची जाळी असलेला सुरक्षा पाईप घालतो, त्याची पण ५ वर्षांत बदली. सगळं जोडून झालं की साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर, बुडबुडा आला की परत खोलायचं. काडी लावून लिकेज बघणारे अजून आहेत भाऊ, त्यांना हात जोडून सांगतो नका करू. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात, ओट्याखाली बंद कपाटात टाकी नको. आणि धंद्याला १९ किलोची निळी टाकीच, घरची १४.२ किलोची लाल टाकी गाड्यावर चालत नाही, कायद्यानेच चालत नाही.

वापराचं सांगतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली, बामणोदची वांगी होती. ग्रिलवर झाकण टाकून, वांगी फिरवत फिरवत छान भाजली जातात, साल अलगद निघते, पन्नास माणसाचं भरीत धावपळ न करता झालं. पण कपाशीच्या काड्यांवरच्या वांग्याला जो धूर लागतो तो गॅसवर नाही येत, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं पहिल्या घासाला ओळखता. ज्याला तीच चव पाहिजे त्याने काड्याच पेटवाव्या. मका, पनीर, चिकन यांना मात्र ग्रिल एक नंबर, आणि कडेच्या बर्नरवर शेवभाजीचं पातेलं आरामात उकळतं.

त्याच रात्री एक गोष्ट दिसली, तिन्ही बर्नर फुल चालवले तर तास-दीड तासाने ज्योत खाली बसते, टाकीवर बाहेरून पाणी सुटतं. आतला द्रव उकळून गॅस होताना टाकीचीच उष्णता ओढतो, त्यात थंडीचा पारा १० च्या आसपास, मग प्रेशर पडतं. दोन टाक्या जोडायच्या किंवा एक बर्नर बंद करायचा, टाकीला शेक देणं, खाली जाळ करणं अजिबात नाही. उन्हाळ्यात उलट, मे मध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्री, टाकी सावलीतच पाहिजे.

काय टिकलं नाही ते पण सांगतो. पेटवायचं बटण लवकर गेलं, आता लायटरने पेटवतो. पायांचा अॅल्युमिनियम पेंट निघाला, तो दिसण्यापुरताच होता. आतल्या बाजूला, जिथे खाणं असतं तिथे मी रंग मारतच नाही, आणि जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा उष्णतेची प्लेट म्हणून कुणी बसवून देत असेल तर घेऊ नका, जस्त तापलं की त्याचा धूर छातीला बाधतो.

विकताना मी टाकी लावून, तिन्ही बर्नर पेटवून, गिऱ्हाईकाच्या हातानेच साबणाचं पाणी लावायला सांगतो. चोपड्याचे एक आबा आले, सरळ विचारलं, "कितलाले शे भो?" (केवढ्याला आहे भाऊ?) मी म्हटलं भाव नंतर, आधी ज्योत बघा. त्यांनी खाली बसून, नॉब लहान-मोठा करून नीट पाहिलं, मग भाव केला. जो विकणारा पेटवून दाखवत नाही, घरी गेल्यावर लावा म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

नाश्त्याची गाडी, छोटं हॉटेल, केटरिंगवाला यांनी जरूर घ्यावा. चार माणसांच्या घराला मी स्वतःच नको म्हणतो, एवढं बीड तापायलाच पंधरा-वीस मिनिटं गॅस जळतो आणि भाजायची असतात दोन वांगी.