आरव्हीतला मुक्काम आणि फोनवरचे हवामानाचे अलर्ट: एका मोसमाचा अनुभव

आम्ही डॅलसजवळ राहतो आणि आमच्याकडे पिकअपला जोडून न्यायचा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे. या वर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सुट्टी मिळेल तसं टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको असं हिंडलो, उन्हाळ्यात पार साउथ डकोटाच्या बॅडलँड्सपर्यंत जाऊन आलो. या सगळ्या काळात फोनवर हवामानाची बरीच ॲप्स टाकून, वापरून, काही काढून टाकून झाली. नवीन आरव्ही (आत राहता येईल अशी चाकांवरची घर-गाडी) घेतलेले ओळखीचे लोक हमखास विचारतात की कुठलं ॲप टाकू. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर.

माझं मत आधीच सांगतो. आरव्हीत राहणाऱ्याला एक ॲप पुरत नाही. रात्री झोपेतून उठवणारं काहीतरी लागतं, वाऱ्यावर नजर ठेवणारं काहीतरी लागतं आणि रेंज गेल्यावरही चालू राहणारं काहीतरी लागतं. यातलं शेवटचं फोनवर मिळत नाही.

अमेरिकेत टॉर्नेडो, गारपीट, अचानक येणारा पूर यांचे अधिकृत इशारे नॅशनल वेदर सर्व्हिस हे सरकारी हवामान खातं देतं. तासन्‌तास आधी मोठ्या भागासाठी निघणारं टॉर्नेडो वॉच ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून येतं, आणि वादळ प्रत्यक्ष अंगावर येत असतानाचं वॉर्निंग त्या त्या भागातलं स्थानिक कार्यालय काढतं. बहुतेक ॲप्स हाच मजकूर उचलून आपल्यापर्यंत आणतात. त्यामुळे "कुणाचं भाकीत जास्त बरोबर" यावर फार डोकं खपवू नये. इशारा किती लवकर येतो, नेमका माझ्या जागेसाठी येतो का, आणि फोन उशाशी पडलेला असताना मला जाग येते का, एवढं बघावं.

आता आरव्हीवाल्यांचा खरा प्रश्न. सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग, म्हणजे जोरदार वादळाचं वॉर्निंग, निघतं ते ताशी ५८ मैल वारा किंवा एक इंची गारा अपेक्षित असतील तेव्हा. ५८ मैल म्हणजे ताशी जवळजवळ ९३ किलोमीटर. पक्क्या घरात राहणाऱ्याला हा हिशेब ठीक आहे. आमचं ऑनिंग, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला ताणायचं कापडी छत, मात्र त्याच्या निम्म्या वाऱ्यातच गुंडाळून आत घ्यावं लागतं, आणि ताशी ४० मैलांचा आडवा वारा असेल तर मी ट्रेलर हायवेवर काढत नाही. म्हणजे २५ ते ५८ मैल या पट्ट्यात, जिथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं, तिथे वादळाचं अधिकृत वॉर्निंग मुळात निघतच नाही. विंड ॲडव्हायझरी कधी कधी निघते, पण तीही साधारण ३१ मैलांचा सततचा किंवा ४६ मैलांचा झोताचा वारा असेल तेव्हा, आणि वादळातून अचानक सुटणाऱ्या वाऱ्यासाठी तिचा उपयोग नसतो. ही गोष्ट कळली की ॲप निवडायची पद्धतच बदलते.

फोनवर काहीही न टाकता मिळणारी सोय म्हणजे वायरलेस इमर्जन्सी अलर्ट, तो कर्कश आवाज करणारा संदेश. २०१२ पासून तो चालू आहे. मोबाइल टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना तो एकदम पाठवतो, त्यामुळे इंटरनेट चालू नसलं तरी चालतं आणि परराज्यात गेल्यावर सेटिंगमध्ये काही बदलावं लागत नाही. आवाजाला कंटाळून कित्येक जण हा अलर्ट बंद करून ठेवतात. आरव्हीत झोपणाऱ्याने असं कधीही करू नये. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की टॉर्नेडोच्या प्रत्येक वॉर्निंगला हा वाजतो, पण साध्या वादळाच्या वॉर्निंगला वाजत नाही. ऑगस्ट २०२१ पासून वारा ताशी ८० मैल किंवा गारा पावणेतीन इंची असतील, तेव्हाच वादळासाठी हा संदेश येतो. पावणेतीन इंच म्हणजे बेसबॉलएवढी गार. एवढी मोठी गार पडेपर्यंत आमच्या छपरावरची प्लास्टिकची झाकणं केव्हाच फुटलेली असतील.

जागेच्या बाबतीत ॲप्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००७ पासून वॉर्निंग नकाशावर आखलेल्या चौकटीसाठी निघतं, अख्ख्या काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाही. तरी काही ॲप्स अजून काउंटीच्या नावाने अलर्ट देतात. टेक्सासच्या उत्तर टोकाकडच्या काउंट्या ३०-३० मैल लांब-रुंद. वादळ वरच्या कोपऱ्यातून निघून जातं आणि आपण खालच्या कोपऱ्यात रात्री दोनला डोळे चोळत बसतो. मी वापरलेलं एक मोफत ॲप असंच करायचं. दोन-चार रात्री असं झालं की घरातलं कुणीतरी ते म्यूट करून टाकतं, आणि मग ते असून नसल्यासारखं. आणखी एका ॲपने वेगळाच घोळ घातला. आम्ही न्यू मेक्सिकोत, आणि अलर्ट येतोय डॅलसच्या घराचा. लोकेशनची परवानगी "ऑलवेज" दिलेली असूनही ते शेवटचं साठवलेलं ठिकाण धरून बसलं होतं. तेव्हापासून कुठलंही नवीन ॲप टाकलं की मुक्कामी पोचल्यावर आधी उघडून बघतो, त्याच्या मते आपण कुठे आहोत. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याची सोय मागे चालणारी ॲप्स झोपवते, तिथून हवामानाचं ॲप वगळावं लागतं. आयफोनवर झोपेचा फोकस चालू असतो तेव्हा ज्या ॲपला क्रिटिकल अलर्टची किंवा त्या फोकसमध्ये वाजायची परवानगी दिलेली आहे तेच वाजतं. या दोन सेटिंग्जवर पाच मिनिटं घालवली तर पैशाच्या ॲपपेक्षा जास्त फायदा होतो.

फेमा या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं ॲप मोफत आहे आणि त्यात आपली पाचपर्यंत ठिकाणं भरता येतात. मी घर, आजचा मुक्काम आणि उद्याचा मुक्काम भरतो. दिसायला साधं आहे, रडार वगैरेच्या भानगडीत पडत नाही. उशाशी ठेवण्यासाठी मला ते आवडलं.

पैसे मोजून घेतलेलं आणि मनापासून आवडलेलं ॲप म्हणजे रडारस्कोप. ते "उद्या पाऊस पडेल का" हे सांगत नाही, सरकारी डॉप्लर रडारचा कच्चा डेटा दाखवतं. बाकीची ॲप्स चित्र गुळगुळीत करून, रंग मऊ करून दाखवतात. यात रडारला जे दिसलं ते दिसतं, आणि त्यावर वॉर्निंगच्या चौकटी: टॉर्नेडोची लाल, वादळाची पिवळी, अचानक पुराची हिरवी. आपला ठिपका चौकटीच्या आत आहे की बाहेर, हे क्षणात कळतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो फोर्टवर्थच्या दक्षिणेला क्लीबर्न स्टेट पार्कमध्ये. मे महिन्यातली संध्याकाळ, ऑनिंगखाली पोह्यांची तयारी चाललेली, डोक्यावर निरभ्र आकाश. वादळ पश्चिमेला बरंच लांब होतं आणि आमच्यासाठी कुठलाच अलर्ट नव्हता. रडारस्कोपवर बघितलं तर त्या वादळाच्या पुढे एक बारीक फिकट रेघ, धनुष्यासारखी वाकलेली, दर खेपेला आमच्याकडे सरकत होती. वादळ कोसळताना त्यातली थंड हवा जमिनीवर आपटून बाहेर पसरते, तिची ही पुढची कड. तिच्यामागे पाऊस नसतो, नुसता वारा असतो. रडारचं नवीन चित्र यायला पाचेक मिनिटं लागतात, त्यामुळे रेघ जिथे दिसते त्याच्या पुढेच असणार असं धरून चाललो. ऑनिंग आत घेतलं, खुर्च्या आडव्या केल्या, गॅस बंद केला. थोड्याच वेळात झाडं एकदम एका बाजूला झुकली, धुळीचा लोट आला आणि शेजारच्या साइटवरचा तंबू उडून कुंपणावर जाऊन बसला. आमची फक्त कोथिंबीर उडाली.

ही रेघ क्लीबर्नला दिसली कारण रडार जवळ आहे. रडारचा झोत सरळ जातो आणि जमीन खाली वळत जाते. शंभर मैलांवर तो झोत जवळजवळ दहा हजार फूट उंचीवरून जातो आणि जमिनीलगतचं काहीच दिसत नाही. वेस्ट टेक्सासच्या मोकळ्या माळावर रडारस्कोपवर स्वच्छ चित्र दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

विंडी हे ॲप मी वादळासाठी वापरत नाही, प्रवासाच्या आदल्या रात्री वापरतो. त्यात वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेग वेगळे दिसतात. ट्रेलर ओढताना झोताचाच आकडा बघायचा. युरोपियन आणि अमेरिकन मॉडेल शेजारी ठेवून पाहता येतात, दोन्ही जुळले की निघायची वेळ ठरवायची. साउथ डकोटाला जाताना नेब्रास्कात एक पूर्ण दुपार आम्ही गॅस स्टेशनवर थांबून काढली ती याच्यामुळेच. ठरावीक ठिकाणी वारा ठरावीक वेगाच्या वर जाणार असेल तर कळव, असाही अलर्ट लावता येतो. मी २५ मैलांवर लावलाय. सरकारी इशारा जिथे गप्प असतो तो पट्टा असा थोडाफार भरून निघतो.

आता रेंजचा विषय. चांगली कॅम्पग्राउंड्स बहुतेक दरीत, नदीकाठी, डोंगराआड असतात, आणि रेंज नेमकी तिथेच नसते. टेक्सासच्या उत्तर टोकाकडच्या पालो ड्युरो कॅन्यनमध्ये आम्ही दरीच्या तळाला मुक्काम केला होता. तिथला रस्ता नदी अनेकदा ओलांडतो, काही ठिकाणी पूल नाही, पाण्यातूनच गाडी घालायची. फोनवर एकही दांडी नव्हती. तिथे कामाला आला हाताने फिरवून चार्ज होणारा वेदर रेडिओ. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झमधल्या सात वाहिन्यांवर वेदर सर्व्हिसचं प्रसारण दिवसरात्र चालू असतं आणि त्याला मोबाइल टॉवर लागत नाही. दरीत तो खरखरत होता, एरियल पूर्ण ताणून पश्चिमेच्या खिडकीत ठेवल्यावर नीट ऐकू आला. दुपारी वॉर्निंग लागलं ते वरच्या अंगाला, कॅन्यन गावाच्या बाजूला झालेल्या पावसाचं. आमच्याकडे कडक ऊन. बायको बर्फ आणायला दुकानात निघाली होती, ती थांबली. तासाभराने रस्त्यावरच्या उतारावरून तांबडं पाणी फांद्या घेऊन वाहू लागलं आणि रेंजरने वाट बंद केली. तिथे ऊन तसंच होतं.

घरच्यासारखा एका जागी ठेवायचा वेदर रेडिओ घेतलात तर त्यात काउंटीचा सहा आकडी कोड भरावा लागतो, उदाहरणार्थ पालो ड्युरोच्या रँडल काउंटीचा ०४८३८१. मुक्काम बदलला की कोड बदलायचा. वेदर सर्व्हिसच्या वेबसाइटवर हे कोड मिळतात, रेंज असताना आधीच लिहून ठेवायचे.

रात्रीच्या पुराबद्दल मी हळवा आहे, आणि त्याला कारण आहे. जून २०१० मध्ये अर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर रात्रीत नदी चढली आणि २० माणसं गेली. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासच्या केर काउंटीत ग्वाडालूप नदीने शंभराहून जास्त जीव घेतले, कर्व्हिलच्या आसपास नदीकाठचा आरव्ही पार्क वाहून गेला. तिथे रात्री १ वाजून १४ मिनिटांनी अचानक पुराचं वॉर्निंग निघालं होतं. ते वाचल्यापासून नदीला लागून असलेली साइट मी घेत नाही, ती कितीही सुंदर असो, आणि चेक-इनच्या वेळी ऑफिसात दोन गोष्टी विचारतो: उंचावर जायची वाट कुठली, आणि टॉर्नेडोत आसरा कुठे. टॉर्नेडोत ट्रेलर कामाचा नाही, मग तो कितीही भारी असो. बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या विटांची बाथरूमची इमारत हाच आसरा असतो, काही ठिकाणी वेगळं शेल्टर असतं.

यंदा उन्हाळ्यात आई आमच्याबरोबर होती. अलर्ट इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये येतो, आणि तो वाचून दाखवायला आम्ही जवळ असूच असं नाही. म्हणून फ्रिजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावला. वर साइट नंबर, काउंटी आणि जवळचं गाव, दर मुक्कामी नव्याने. खाली मराठीत: फोन असा किंचाळला की चप्पल घाल, चष्मा घे, बाथरूमच्या इमारतीत चल, पर्स राहू दे. आईने त्यात स्वतःहून एक ओळ घातली, बीपीच्या गोळ्या. काउंटीचं नाव डोळ्यांसमोर असण्याचा आम्हालाही उपयोग होतो, कारण रेडिओवरचा निवेदक काउंट्यांचीच नावं घेतो आणि प्रवासात आपण कुठल्या काउंटीत आहोत हे पटकन आठवत नाही.

महाराष्ट्रात हल्ली कॅम्परव्हॅन घेऊन फिरणारे वाढलेत, त्यांच्यासाठी एवढंच: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी हे विजेचा इशारा देणारं ॲप मोफत आहे. मे-जूनमध्ये सह्याद्रीत उघड्यावर मुक्काम करणार असाल तर ते फोनवर असू द्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत हे इशाऱ्यांचं ॲपही आहे.

पुढच्या वर्षी मी रडारस्कोप, विंडी आणि फेमाचं ॲप ठेवणार, रेडिओ तर ठेवणारच. बाकीची काढून टाकली, कारण चार ॲप्स एकाच वॉर्निंगसाठी एकामागून एक वाजली की चौथं वाजेपर्यंत माणूस ऐकेनासा होतो. एक सोय मात्र अजून मनासारखी मिळालेली नाही. ट्रेलरची उंची, जायचा रस्ता आणि निघायची वेळ भरली की रस्ता कुठे वळतो ते बघून कुठल्या टप्प्यावर वारा आडवा बसेल, हे सांगणारं ॲप मला हवं आहे. त्यासाठी मी आनंदाने पैसे देईन. तोवर विंडीचा नकाशा आणि रस्त्याचा नकाशा शेजारी ठेवून बायको बाण मोजते आणि मी थांबे ठरवतो.