५४ मिनिटांचा कार्यक्रम, मागे भरलेली कोठी

आधी एक खुलासा. हे परीक्षण चेन्नईहून निघणाऱ्या ‘फ्रंटलाइन’ या इंग्रजी नियतकालिकाचं नाही. अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर जानेवारी १९८३ पासून चालू असलेल्या ‘फ्रंटलाइन’ या माहितीपट-मालिकेचं आहे. बॉस्टनच्या जीबीएच केंद्रात ती तयार होते. डेव्हिड फॅनिंग यांनी ती उभी केली आणि २०१५ पासून रेनी ॲरनसन-रॅथ तिच्या प्रमुख आहेत. चर्चेचे चौकोन, धावत्या पट्ट्या, अँकरचा चढा आवाज यातलं इथे काही नाही. एक विषय, साधारण ५४ मिनिटं आणि मध्ये जाहिरात नाही. कधी दीड-दोन तासांचा भाग, कधी दोन रात्रींत दाखवलेला. निवेदनाचा आवाज बहुतेक वेळा विल लायमन यांचा, वर्षानुवर्षं तोच.

मराठी प्रेक्षकाने सुरुवात कुठून करावी? २६/११ वरून. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘अ परफेक्ट टेररिस्ट’ हा भाग प्रसारित झाला. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेसोबत तो केला होता आणि बातमीदारी सबॅस्टियन रोटेला यांची होती. विषय डेव्हिड कोलमन हेडली. हल्ल्याच्या रात्रीची दृश्यं आपण सगळ्यांनी इतक्यांदा पाहिली आहेत की त्यांत नवं काही उरलेलं नाही. या भागाचं बळ त्या रात्रीच्या आधीच्या काळात आहे. हेडली मुळात दाऊद गिलानी. हेरॉइनच्या प्रकरणांत पकडला गेला आणि शिक्षा हलकी व्हावी म्हणून अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबऱ्या झाला. २००२ पासून लष्कर-ए-तैयबाच्या तळांवर प्रशिक्षण, २००६ मध्ये नावबदल, मग ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटून मुंबईची रेकी. एका बायकोने २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तक्रार केली होती, दुसरी २००७-०८ मध्ये इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीपर्यंत गेली होती. तरी तो मोकळा राहिला तो ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अटक होईपर्यंत. भागाचा सगळा रोख एकाच प्रश्नावर आहे: इतके इशारे मिळूनही हे कसं घडलं?

मुंबईकराला एक गोष्ट खटकेल. या भागाचा केंद्रबिंदू मुंबई नाही, शिकागो आणि वॉशिंग्टन आहे. पोलिसांकडची शस्त्रं, नियंत्रण कक्षातला गोंधळ, त्याची चौकशी करणारी प्रधान समिती हे ज्याला हवं असेल त्याने दुसरीकडे शोधावं. मुंबईची बाजू मांडायला हा भाग केलेलाच नाही, त्यामुळे ती अपेक्षा ठेवून बसू नये.

बघायचं असेल तर २०११ चा नको, २०१५ चा बघा. ‘अमेरिकन टेररिस्ट’ या नावाने हीच कथा नव्याने बांधून दाखवली गेली आणि त्यात अमेरिकन गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांतून बाहेर आलेला भाग जोडला गेला: लष्करचा तंत्रज्ञानप्रमुख झरार शाह याच्या संगणकावर ब्रिटिश गुप्तचरांची नजर हल्ल्यापूर्वीपासून होती. अर्थात त्यालाही आता वय झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हेडलीने मुंबईच्या न्यायालयासमोर व्हिडिओद्वारे साक्ष दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचा साथीदार तहव्वुर राणाला भारतात आणलं गेलं. या दोन्ही गोष्टी त्यात नाहीत. जुना भाग उघडण्याआधी प्रसारणाची तारीख पाहायची सवय या मालिकेसाठी तरी लावून घ्यावी. यूट्यूबवर भाग नंतर चढवलेला असू शकतो, त्यामुळे तिथली तारीख धरू नका. प्रसारणाची तारीख मालिकेच्या संकेतस्थळावर मिळते.

आता या मालिकेचा खरा माल. तो ५४ मिनिटांत नाही, मागच्या कोठीत आहे. टीव्हीवरच्या कुठल्याही बातमीदाराला ठाऊक असतं की मुलाखत दोन तास चालते आणि बाईट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, वापरला जातो वीस सेकंदांचा. बाकीचं हार्ड डिस्कवर पडून राहतं आणि जागा कमी पडली की पुसलं जातं. फ्रंटलाइनने हे उरलेलं ठेवायला १९९५ मध्येच सुरुवात केली. टेक्सासमधल्या वेको इथे एका धार्मिक पंथाला सरकारी यंत्रणांनी घातलेल्या वेढ्यावरच्या भागासोबत त्यांनी लांब मुलाखती आणि कागदपत्रं संकेतस्थळावर टाकली. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांसाठी नुकतं खुलं झालं होतं. याचं सगळ्यात मोठं रूप २०१७ चं. पुतिन आणि २०१६ ची अमेरिकन निवडणूक यांवरच्या दोन भागांच्या ‘पुतिन्स रिव्हेंज’ सोबत ५६ मुलाखती जवळपास पूर्ण स्वरूपात खुल्या केल्या. बाजूला बोललेल्या शब्दांची संहिता धावते, त्यातल्या वाक्यावर टिचकी मारली की व्हिडिओ नेमका तिथे पोचतो.

ही कोठी वापरायची रीत अशी. भाग पाहताना एखादं विधान फारच चपखल वाटलं, म्हणजे निवेदकाचं वाक्य संपतं आणि मुलाखतीतला माणूस त्याला हवं तसं पूर्ण करतो, तर थांबा. त्या माणसाची मुलाखत संकेतस्थळावर उघडा, वाक्यातले दोन-तीन न बदलणारे शब्द शोधखिडकीत टाका आणि वरचा प्रश्न व खालची दोन उत्तरं वाचा. तीन गोष्टी तपासायच्या: उत्तर त्याच प्रश्नाचं आहे का, पुढे ‘पण’ म्हणून काही जोडलं होतं का, आणि बोलणारा स्वतः पाहिलेलं सांगत होता की ऐकीव. संकलनात सर्वाधिक घसरण या तिसऱ्या ठिकाणी होते, कारण ‘मला असं सांगण्यात आलं’ हे चार शब्द कापले की वाक्य आटोपशीर होतं आणि अर्थ फिरतो. शोधताना अडचण एकच. प्रकाशित मुलाखतीही थोड्या संपादित असतात, त्यामुळे पडद्यावरचं वाक्य अक्षरशः सापडेलच असं नाही. म्हणून पूर्ण वाक्य न टाकता विशेषनाम किंवा आकडा टाकावा. पत्रकारितेच्या वर्गासाठी यासारखा फुकटचा सराव दुसरा नाही.

याच कोठीत त्यांची मोठी चूकही ठेवलेली आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या साथीने केलेल्या ‘गनिंग फॉर सद्दाम’ या भागात इराकमधून फुटून आलेले साक्षीदार होते. बगदादजवळच्या सलमान पाक इथे विमान अपहरणाचं प्रशिक्षण दिलं जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापर्यंतची वाट अहमद चलबींच्या इराकी नॅशनल काँग्रेसमधून गेली होती, आणि त्या संघटनेला सद्दामची राजवट उलथायचीच होती. २००३ मध्ये युद्ध झालं, देश ताब्यात आला, दाव्यांना पुष्टी काही मिळाली नाही. पुढे तर लेफ्टनंट जनरल म्हणून बोललेला माणूस तोतया असल्याचं दुसऱ्या पत्रकारांनी छापलं. काय चुकलं ते सरळ आहे. साक्षीदार दोन होते, पण दोघांना आणणारा एकच होता. माहिती दोन वेगळ्या स्रोतांकडून पक्की करायची हा नियम कागदावर पाळला गेला, प्रत्यक्षात स्रोत एकच. फ्रंटलाइनने ते पान काढून टाकलं नाही. २००५ मध्ये मुलाखतीच्या डोक्यावर संपादकीय टीप लावली की या माहितीला दुजोरा मिळालेला नाही, आणि मूळ मजकूर तसाच ठेवला. आपल्याकडच्या बातमीची लिंक दुसऱ्या दिवशी ‘पान सापडलं नाही’ म्हणते, तेव्हा ही टीप आठवते. पण चार वर्षं लागली, हेही विसरू नये.

आता तक्रार, आणि ती जुनी आहे. वॉशिंग्टनच्या सत्ताकारणावरचे भाग, विशेषतः दिग्दर्शक मायकेल कर्क यांच्या चमूचे, एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. काळी पार्श्वभूमी, अर्धा चेहरा उजेडात, खालून घुमणारं संगीत, व्हाइट हाउसच्या कृष्णधवल छायाचित्रांवर हळूहळू सरकणारा कॅमेरा. बोलणारे बव्हंशी तेच: दोन मोठ्या वर्तमानपत्रांचे बातमीदार, माजी सल्लागार, चरित्रकार. १९८८ पासून दर चार वर्षांनी येणारा ‘द चॉइस’ यातच मोडतो. अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची चरित्रं समोरासमोर, छान विणलेली, पण उमेदवाराच्या लहानपणाच्या जखमेतून त्याचं करधोरण समजावून घ्यायचा मोह सुटत नाही. त्याच कर्क यांचा इराक युद्धावरचा २००८ चा ‘बुशेस वॉर’ मात्र साडेचार तासांचा असूनही चुकवू नये. तिथे खात्या-खात्यांतली भांडणं क्रमाने लागत जातात आणि युद्धाचा निर्णय एका बैठकीत झाला नव्हता हे डोळ्यांसमोर उलगडतं.

पैसा देणाऱ्यांपुढे आणि जोडीदारांपुढे कणा किती ताठ, याची एक चाचणी २०१३ मध्ये झाली. अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूला होणाऱ्या इजांवर ‘लीग ऑफ डिनायल’ करताना ईएसपीएन ही क्रीडावाहिनी जोडीदार होती. त्याच वाहिनीचा फुटबॉल लीगशी प्रक्षेपणाचा प्रचंड करार. प्रसारणाला दोनेक महिने असताना ईएसपीएनने आपलं बोधचिन्ह काढून घ्यायला सांगितलं. भाग ऑक्टोबरमध्ये ठरल्याप्रमाणे लागला, आणि ज्यांच्या पुस्तकावर तो आधारला होता ते ईएसपीएनचेच दोन पत्रकार पडद्यावर होते.

युद्धवार्तांकनात अलीकडचं सर्वोत्तम काम म्हणजे असोसिएटेड प्रेससोबतचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’. मस्तिस्लाव चेर्नोव, छायाचित्रकार येवगेनी मालोलेत्का आणि निर्माती वासिलिसा स्तेपानेंको हे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या आक्रमणाच्या तासभर आधी युक्रेनमधल्या या शहरात पोचले आणि वेढ्यात अडकले. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला, त्याची दृश्यं बाहेर पाठवायला नेटवर्क नव्हतं, तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांना वीज आणि इंटरनेट असलेल्या जागी नेलं. फाइल तीन तुकड्यांत तोडून तीन फोनवरून एकाच वेळी पाठवली. हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण चित्रपटात तेच फुटेज दोनदा दिसतं: एकदा पूर्ण, आणि मग जगभरच्या वाहिन्यांनी त्यातले काही सेकंद कसे वापरले ते. बातमी आणि माहितीपट यांतला फरक कुठल्या व्याख्यानापेक्षा या जोडणीतून जास्त कळतो. मार्च २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. लहान मुलांचे मृत्यू थेट दिसतात. जेवताना, घरात पोरं असताना लावू नका.

सहनिर्मितीचा तोटा असा की कधी कधी तुम्हाला छाटलेली आवृत्ती मिळते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन इराक’ हे २०२० चं काम बीबीसीवर पाच तासभराचे भाग होतं, फ्रंटलाइनवर ते सुमारे दोन तासांत आटोपलं. साध्या इराकी माणसांच्या आठवणी हाच त्याचा प्राण असल्याने कात्री नेमकी नको तिथे लागली. मिळालं तर पाच भागांचंच बघा.

भारतातून पाहायचं तर पीबीएसच्या ॲपच्या मागे लागू नका. ते अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी आहे. मालिकेचं यूट्यूब चॅनेल पुरतं. बरेचसे भाग पूर्ण आणि फुकट आहेत. बाहेरच्या संस्थेकडे हक्क असलेले काही ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणतात. तिथे भागाची संहिता संकेतस्थळावर आहे का ते बघायचं, ती सहसा वाचता येते. इंग्रजी उपशीर्षकं हाताने केलेली असल्याने चांगली असतात. त्यांवर यूट्यूबचं मराठी भाषांतर लावू नये, कारण नावं, हुद्दे आणि कायद्याचे शब्द यांचा चुराडा होतो. कोण बोलतंय हे खालच्या नावपट्टीवर पहिल्यांदाच नीट येतं, नंतर फक्त आवाज. म्हणून पहिली पंधरा मिनिटं फोनवर नको, नावपट्टी वाचता येईल अशा पडद्यावर पाहावीत. नंतर ऐकलं तरी चालतं. प्रवासात ऐकण्यासाठी भागांचा नुसता ध्वनी पॉडकास्ट म्हणूनही मिळतो.

हे फुकट किती काळ राहील, हा प्रश्न आहेच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ते वाटणाऱ्या महामंडळाने गाशा गुंडाळायला घेतला. फ्रंटलाइनला फोर्ड, मॅकआर्थर यांसारख्या प्रतिष्ठानांचा आधार आहे. तरी भाग पाहायचे ठरवले असतील तर यादी करून ठेवण्यापेक्षा पाहून टाकावेत.

आणि शिक्षक असाल तर १९८५ चा ‘अ क्लास डिव्हायडेड’ आधी. आयोवातल्या रायसव्हिल गावच्या शिक्षिका जेन इलियट यांनी मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर वर्गातल्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वरचे आणि खालचे ठरवलं, मग उलटं केलं. १९७० च्या वर्गात हा प्रयोग चित्रित झाला होता; त्या जुन्या चित्रीकरणासोबत त्यातली मुलं मोठी होऊन स्वतःला पडद्यावर पाहताना दिसतात. नववी-दहावीच्या वर्गात दाखवताना मुलं पहिल्यांदा मधल्या सुट्टीत भांडून येतात तिथे थांबवा आणि पुढे काय होईल ते मुलांना लिहायला सांगा. इंग्रजी सोपं आहे, पण ध्वनिमुद्रण जुनं आहे, त्यामुळे स्पीकर बाहेरचा लागेल. प्रयोग वर्गात करून बघायचा मोह मात्र टाळा. आपल्याकडे डोळ्यांच्या रंगाच्या जागी काय येईल ते पोरांना न सांगताच कळतं.